यीस्टचं जिरावण आणि मग मेतकूट: कामाच्या नोंदी

लोकमान्य नगर, इंदूर

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या, मिक्सर थंड झाला, आता हे काम हाती घेते. नेहमीच्या जिरावणातलं, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्यातलं, मीठ कमी करायचं आणि चव मात्र उतरू द्यायची नाही. त्यासाठी न्यूट्रिशनल यीस्ट वापरून बघायचं.

मागणी जुन्या गिऱ्हाइकांकडूनच आली. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांना बीपी, आणि सकाळच्या पोह्यांवरचं जिरावण सोडायची एकाचीही तयारी नाही. एका काकांनी डॉक्टरांना सरळ सांगितलं म्हणे, गोळी वाढवा पण जिरावणाला हात लावू नका. इंदूरचा माणूस, त्याला काय समजावणार.

सध्याचं प्रमाण लिहून ठेवते, पुढे हिशेबाला लागेल. शंभर ग्रॅम तयार जिरावणात धणे ३०, जिरे १२, बडीशेप १०, आमचूर १०, लाल मिरची ८, काळं मीठ १४, साधं मीठ ८. उरलेल्या ८ ग्रॅममध्ये हळद, सुंठ, लवंग, दालचिनी, तमालपत्र, जायफळ आणि हिंग. म्हणजे मीठच २२ ग्रॅम झालं.

काळं मीठ बीपीला चालतं, असं अर्ध्या शहराचं ठाम मत आहे. काही चालत नाही. काळं मीठ, सैंधव, पांढरं मीठ, तिन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. काळ्या मिठाला येणारा वास गंधकाच्या संयुगांचा, त्याने सोडियम कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, त्यात सगळ्या रंगांची मिठं आली.

६ नोव्हेंबर

पाकीट आलं. सियागंज बाजारात विचारलं तर दुकानदाराने बेकरीचं यीस्ट पुढे केलं, म्हणून शेवटी ऑनलाइन मागवावं लागलं. किंमत बघून वहिनी म्हणाल्या, "वन्सं, एवढ्यात काजू आले असते." आलेच असते.

उघडल्यावर आत पिवळेधमक पातळ पापुद्रे. चिमटीत धरून चुरडले की लगेच पीठ होतं आणि बोटाचं पेर पिवळं राहतं. वास आधी भाजलेल्या शेंगदाण्याचा, मग जुन्या चीजचा, आणि सगळ्यात मागून व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बाटली उघडल्यावर येतो तो. जिभेवर नुसतं ठेवलं तर क्षणभर काहीच लागत नाही. मग गालांच्या आतून पाणी सुटतं आणि चव बराच वेळ रेंगाळते. खारट म्हणावं तर मीठ जवळजवळ नाहीच त्यात.

हा यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेविसी, पाव फुगवतो तोच जीव. उसाच्या किंवा बीटच्या मळीवर काही दिवस वाढवतात, धुतात, उष्णता देऊन मारतात आणि गरम रुळांवर वाळवून पापुद्रे काढतात. मेलेला असल्यामुळे त्याने पीठ फुगत नाही. बेकरीचा यीस्ट जिवंत असतो, तो असा वरून भुरभुरून खायचा नाही. पोटात गेला की गॅस धरतो. हे इथे मुद्दाम लिहितेय, कारण "तोच तर आहे, स्वस्तात मिळतो" असं म्हणणारे भेटणारच. बिअर बनवताना उरतो तो ब्रूअर्स यीस्ट आणखी वेगळा, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्स नावाच्या फुलांमुळे कडू.

जैन गिऱ्हाइकांना आधीच कळवून टाकलं. यीस्ट ही बुरशीच्या कुळातली, त्यामुळे डब्यावर हिरवा ठिपका असला तरी बऱ्याच जैन घरांत ती चालणार नाही. उपासालाही कोणी घेणार नाही.

९ नोव्हेंबर

पहिलं मिश्रण. काळं मीठ १४ वरून १०, साधं ८ वरून ४, यीस्ट १२, त्याला जागा करायला धणे २६. बाकी सगळं जिथल्या तिथे.

यीस्ट मोजायला चमचा वापरू नये. पापुद्रे हलके, चमच्यात नुसती हवाच भरते. एक मोठा चमचा भरला तर जेमतेम ५ ग्रॅम. दळल्यावर तोच चमचा कितीतरी जड होतो. वजनकाटाच पाहिजे.

मसाले भाजून, गार करून, दळून, मग शेवटी यीस्ट घातलं. आधी घातलं असतं तर भाजताना करपलं असतं आणि त्यातला थायमिन, म्हणजे बी-१, उष्णतेने गेला असता. मिक्सर गरम व्हायच्या आत दोनदा फिरवून बंद. झाकणाच्या आतल्या बाजूला सगळी पिवळी धूळ चिकटून बसते, ती पिसाने झाडून घ्यावी लागते. पन्नास रुपयांची धूळ असेल ती.

भाच्याला पुण्याला फोन लावला. तो फूड टेक्नॉलॉजी शिकतो. विचारलं, चवीची परीक्षा कशी घेतात रे तुमच्याकडे? म्हणाला, "आत्या, लोकांना आवडलं का असं विचारू नकोस. तुझ्या तोंडावर कोणी नाही म्हणणार नाही." मग त्याने त्रिकोणी चाचणी समजावली. प्रत्येकापुढे तीन वाट्या ठेवायच्या, दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती ते ओळखायचं, बस. नुसता अंदाज केला तरी तिघांतला एक बरोबर येतोच, तेव्हा त्याहून बरेच जास्त जण ओळखत असतील तरच फरक खरा मानायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

चाचणी. पोहे नाक्यावरच्या ठेल्यावरून आणले, म्हणजे माझ्या हाताची चव मध्ये नको. त्याच्याकडे पोहे खऱ्या इंदुरी पद्धतीने वाफेवर असतात. खाली उकळतं पाणी, वर परात, सकाळी सहापासून मऊ ते मऊच. शेव, कांदा, जिरावण काहीच घालू नका म्हटल्यावर त्याने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "बिना जिरावन के? घर में कोई बीमार है क्या, दीदी?"

गच्चीवर आळीतले काका-काकू, मामी, दोन कॉलेजची पोरं. वाट्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर आकडे. जोड्या तीन केल्या होत्या.

जुनं जिरावण आणि नुसतं मीठ कमी केलेलं: जवळजवळ सगळ्यांनी ओळखलं. "हे सपक आहे" हा शब्द ठिकठिकाणाहून आला.

जुनं आणि कमी मीठ अधिक यीस्ट: बरेच जण फसले. एका काकूंनी तर यीस्टच्या वाटीलाच "हे आपलं नेहमीचं" म्हटलं.

तिसरी जोडी मी हट्टाने घातली होती. जुनं आणि कमी मीठ, पण यीस्ट अजिबात नाही, त्याऐवजी आमचूर आणि सुंठ वाढवलेली. आणि इथेही तितकेच लोक फसले!

म्हणजे पोह्यांवर यीस्टने जे काम केलं ते आमचुरानेही केलं, आणि आमचूर सियागंजात किलोवर मिळतो.

वहिनींना हे आवडलं नाही. त्यांनी डब्याचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं.

१८ नोव्हेंबर

असं का झालं याचा विचार करतेय.

यीस्टची चव येते ती ग्लुटामेट नावाच्या घटकामुळे. १९०८ साली किकुनाए इकेदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शैवालाच्या रस्स्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पिकलेल्या टोमॅटोत ते असतं, मशरूममध्ये असतं, मुरलेल्या चीजमध्ये भरपूर असतं. चायनीजच्या गाडीवरची ती पांढरी पूड म्हणजे त्याचंच सोडियमचं मीठ. तिच्यात सोडियम साधारण १२ टक्के, साध्या मिठात ३९. जिभेला उमामी मिळाली की थोडं मीठ कमी पडलेलं चालून जातं, ही गोष्ट खरी आहे.

पण त्यासाठी ते जिभेपर्यंत पुरेसं पोचायला हवं. जिरावण आपण घालतो चिमूटभर, फार तर छोटा चमचा. त्यात यीस्ट किती, तर बाराच टक्के. पोह्यांवर आधीच लिंबू, कांदा, साखर, शेव, बुंदी, कुठे डाळिंबाचे दाणे. एवढ्या गर्दीत उमामीने "मी आलेय" असं कितीही सांगितलं तरी ऐकणार कोण. आंबट चव मात्र गर्दीतही पुढे घुसते.

२० नोव्हेंबर

हिशेब. छोटा चमचा जिरावण म्हणजे ३ ग्रॅम धरू.

मीठ: जुन्यात ०.६६ ग्रॅम, नव्यात ०.४२. वाचलं पाव ग्रॅम. पाच ग्रॅमच्या मर्यादेत पाव ग्रॅम म्हणजे काहीतरी आहे, पण वरून मूठभर रतलामी शेव घातली की ते सगळं परत येतं. गिऱ्हाइकांना हे तोंडी सांगायचं. शेव निम्मी करा, मग जिरावणाचं बोला.

यीस्ट: ३ ग्रॅमच्या १२ टक्के म्हणजे ०.३६ ग्रॅम. त्याच्या साधारण निम्मी प्रथिनं, म्हणजे ०.१८ ग्रॅम. हे डब्यावर लिहिलं तर हसतील लोक.

व्हिटॅमिन बी-१२: मी घेतलेल्या पाकिटावर ५ ग्रॅमला २.२ मायक्रोग्रॅम छापलंय. तर ०.३६ ग्रॅममध्ये ०.१६. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. म्हणजे दिवसभराची गरज या जिरावणातून भागवायची तर चौदा-पंधरा चमचे खावे लागतील, आणि मग बीपीचं काय होईल ते डॉक्टरच सांगतील.

यीस्ट जिरावणात घालणं बंद. कमी मिठाचं, जास्त आमचुराचं जिरावण मात्र नक्की करायचं, ते यीस्टशिवाय उत्तम झालंय. काकांचा डबा आजच पोचवला.

पाकीट मात्र उरलंय, आणि मला ती चव आवडलीय. काल रात्री गरम भातावर तूप आणि एक चमचा यीस्ट घालून खाल्लं. खाताना वाटलं, हे तर मेतकुटाचंच काम करतंय.

२४ नोव्हेंबर

वहिनींचा आग्रह चालूच. "वन्सं, डब्यावर बी-१२ लिहा की! आपल्या सगळ्या शाकाहारी बायकांना कमी निघतंय, हातोहात जाईल." जाईल, यात शंकाच नाही. म्हणूनच नीट वाचायला बसले.

यीस्टला स्वतःला बी-१२ बनवता येत नाही. जगात ते बनवतात फक्त जीवाणू आणि त्यांच्यासारखे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव. यीस्टच्या पाकिटातलं बी-१२ कारखान्यात वरून घातलेलं असतं. घातलेलं नसेल तर त्या पाकिटात ते नाही. तपासायला म्हणून दुसऱ्या कंपनीचं छोटं पाकीट आणलं. त्यावर मोठ्या अक्षरांत नैसर्गिक लिहिलंय, आणि मागच्या तक्त्यात बी-१२ ची ओळच नाही. रंगही फिकट, कारण वरून घातलेला रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, नाही. गडद पिवळा रंग बराचसा त्याचा असतो. दोन्ही पाकिटं दुकानात शेजारी शेजारी ठेवतात, बघणाऱ्याला एकच वस्तू वाटते. बी-१२ साठी घेणाऱ्याने पुढचा भाग वाचूच नये, पाकीट उलटं करावं.

(रायबोफ्लेविन जास्त झाला की लघवी पिवळीजर्द होते. मामींनी दोन चमचे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी घाबरून फोन केला. काविळीचं काही नाही हो, मामी, एवढंच आहे.)

आणखी एक गोष्ट. पोटात बी-१२ आत घ्यायची जी खास वाट आहे ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमवर भरते. त्याच्या वरचं जे असेल त्यातलं शंभरात एखादा भाग झिरपतं, बाकी वाया. म्हणून आठवड्यातून एकदा ढीगभर खाण्यापेक्षा रोजचं थोडं बरं. दुधाचंही तसंच, कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं.

२७ नोव्हेंबर

आज दादाशी बोलणं झालं. तो मधुमेहाला कित्येक वर्षं मेटफॉर्मिन घेतो. ती गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी-१२ उतरतं, ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांनीही उतरतं. त्याला तळपायांना मुंग्या येत होत्या, डॉक्टरांनी तपासून इंजेक्शनं लावली. तो मला म्हणतो, तुझं यीस्ट खाऊ का त्याऐवजी? नाही. शोषणच बिघडलेलं असेल तर चमचाभर यीस्टने ते भरून निघत नाही. इंजेक्शन इंजेक्शनच्या जागी, यीस्ट भाताच्या ताटात.

वहिनींनाही हेच दाखवलं. यीस्टमध्ये फॉलिक ॲसिडही भरपूर असतं. बी-१२ कमी असताना फॉलिक ॲसिड चांगलं मिळत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि आतल्या आत नसांचं नुकसान चालू राहतं. माणसाला वाटतं आपण बरे झालो. म्हणजे वरून बी-१२ न घातलेलं यीस्ट बी-१२ समजून खाणं, हे नुसतं वाया जाणं नव्हे, त्याहून वाईट.

यीस्ट आणि फॉलिक ॲसिडचा धागा आपल्या मुंबईत सापडला होता, हे वाचून मी दोन मिनिटं थांबले. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायका तीव्र रक्तक्षयाने दगावत होत्या, त्याचं कारण ती शोधत होती. तिला दिसलं की यीस्टचा अर्क, इंग्लंडात ब्रेडला लावायला मिळणारा तो काळा चिकट मार्माइट, दिल्यावर बायका सुधारतात. पर्निशस ॲनिमियावर, म्हणजे बी-१२ शोषलं न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयावर, चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क मात्र इथे लागू पडत नव्हता. म्हणजे हे दुसरंच काहीतरी. १९३१ साली तिने ते छापलं. त्या अनोळखी घटकाला बराच काळ विल्स फॅक्टर म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं, तेच हे. बी-१२ हाती यायला १९४८ उजाडलं.

गंमत अशी की त्या बायकांना बरं करणारा यीस्ट बिअरच्या कारखान्याचा टाकाऊ माल होता.

वहिनी ऐकून घेतात आणि म्हणतात, "मग हेच लिहा डब्यावर." २०१८ च्या एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या, जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत अन्नपदार्थ रोग बरा करतो असं लिहायला बंदी आहे, हे सांगितलं तेव्हा विषय मिटला.

४ डिसेंबर

मेतकूट. शंभर ग्रॅममध्ये चणाडाळ ३५, उडीदडाळ १२, तांदूळ १२, गहू ८, यीस्ट २०. उरलेल्या १३ मध्ये धणे, जिरे, मेथी, मोहरी, सुंठ, मिरची, हिंग आणि नेहमीपेक्षा निम्मी हळद, पिवळेपणा यीस्ट देतंच.

डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, मंद आचेवर, उडीदडाळीला गुलाबी रंग येईपर्यंत. घाईत एकत्र भाजल्या तर तांदूळ फुलतो तोवर उडीद जळतो. मेथी अगदी जेमतेम भाजली. यीस्टला स्वतःचा एक हलका कडवटपणा आहे, त्यावर मेथी चढली की जीभ आक्रसते. हिंग मात्र वाढवला. हिंग आणि यीस्ट एकमेकांना फार छान धरतात. दोन्हींना तो जुन्या, मुरलेल्या पदार्थाचा वास आहे, एकत्र आले की कोणता कुणाचा ते कळत नाही.

सगळं पूर्ण गार झाल्यावर दळून चाळलं आणि यीस्ट हाताने मिसळलं.

हिशेब पुन्हा. मेतकूट आपण चिमूटभर घालत नाही, मोठा चमचा घालतो. १० ग्रॅम धरले तर २ ग्रॅम यीस्ट, म्हणजे बी-१२ जवळपास ०.९ मायक्रोग्रॅम. कपभर दुधाइतकं. ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रथिनं यीस्टची एक ग्रॅम, डाळींची वेगळी.

आणि मेतकूट शिजवत नाहीत, हा मोठाच फायदा. भात ताटात आल्यावर वरून पडतं.

मऊ भात, तूप, मेतकूट. मुद्दाम भातात मीठ घातलं नव्हतं. मामींनी अर्ध्यावर येईपर्यंत मीठ मागितलं नाही, मग सवयीने मागितलं. काकांनी शेवटपर्यंत मागितलं नाही. दोन्ही पोरांनी दुसऱ्यांदा भात घेतला आणि एकाने विचारलं, यात चीज आहे का?

११ डिसेंबर

थंडी पडली, सराफा बाजारात गराडू, म्हणजे मसाला लावलेले तळलेले कंद, सुरू झाले. बाकीच्या पदार्थांवर यीस्ट कसं लागतं ते बघून घेतलं.

भुट्ट्याचा कीस: सगळ्यात सरस. दुधात शिजलेला मका, त्यात थोडं गोडसर. गॅस बंद केल्यावर चमचाभर यीस्ट ढवळलं की खालून एक भरलेली चव येते. इथे आमचुराने हे काम होणार नाही.

गराडू: तळल्या तळल्या, तेल ओलं असतानाच घातलं तर चिकटतं. लिंबाआधी घालायचं. लिंबाने भिजलेल्या गराडूवर त्याचा लगदा होतो. चांगलं लागलं, पण गराडूचा मसाला एवढा जोरकस असतो की पैसे फुकट.

मक्याच्या लाह्या: तुपाचा हात लावल्याशिवाय यीस्ट सगळं भांड्याच्या तळाला. तूप लावलं तर लाह्या उरत नाहीत.

साधं वरण: उत्तम, विशेषतः ज्यांना हिंग-जिऱ्याची फोडणी वर्ज्य केलीय त्यांच्यासाठी.

ताक: नको. कुणीही करू नये.

शेवेच्या पिठात घालून बघ, असं वहिनी म्हणाल्या. नाही घातलं. शेवेत सोडा किंवा पापडखार पडतो, वर कढईतलं तेल. थायमिनला खार आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. महागाचं यीस्ट तळून काढण्यात अर्थ नाही.

१७ डिसेंबर

कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की यीस्टने प्रतिकारशक्ती वाढते, सर्दी होत नाही, कोलेस्टेरॉल उतरतं, साखर उतरते. आणि खाली माझा नंबर! दिवसभर फोन.

सगळ्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. यीस्टच्या पेशीभिंतीत बीटा-ग्लुकन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. त्यावर सर्दी-पडशाचे अभ्यास झालेत आणि थोडाफार उपयोग दिसलाय, पण त्यात वेगळं काढून शुद्ध केलेलं बीटा-ग्लुकन ठरावीक मात्रेत दिलेलं असतं, भातावर भुरभुरलेलं यीस्ट नाही. कोलेस्टेरॉलवर चालतं ते ओट्स आणि जवाचं बीटा-ग्लुकन. नाव एकच, रचना वेगळी. साखरेच्या गोष्टी क्रोमियम या खनिजावरून आल्यात, तेही ब्रूअर्स यीस्टच्या संदर्भात.

कुणाला द्यायचं नाही, किंवा डॉक्टरांना विचारल्यावरच द्यायचं, ती यादी फोनजवळ लावली. गाउटवाले, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे दुखणारे, कारण यीस्टमध्ये प्युरीन भरपूर आणि त्याचं युरिक ॲसिड होतं. क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार असलेले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात याच यीस्टविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात, काहींना ते सोसत नाही. नैराश्यावरच्या एमएओ इन्हिबिटर गटाच्या जुन्या गोळ्या घेणारे, यीस्टमधल्या टायरामीन नावाच्या घटकामुळे बीपी एकदम चढू शकतं म्हणून. अर्धशिशी असलेल्यांनी थोडंसं खाऊन बघावं, लगेच डबा घेऊ नये.

एका काकांनी युरिक ॲसिडचा रिपोर्टच पाठवला आणि वर विचारलं, अर्धा चमचा चालेल ना? मी कोण सांगणार. त्यांना साधं मेतकूट दिलं.

२२ डिसेंबर

साठवण. पहिला घाणा दोन बरण्यांत ठेवला होता, एक काचेची खिडकीजवळ, एक स्टीलचा डबा कपाटात. काचेतलं रंगाने उतरलंय, नुसत्या डोळ्यांनी कळतं. रायबोफ्लेविन उजेडात टिकत नाही, आणि त्याच्याबरोबर बी-१२ चंही नुकसान होतं. वासात फरक नाही. म्हणजे पारदर्शक पाकीट रद्द, आतून चंदेरी असलेलं घ्यायचं. वहिनींना पारदर्शकच हवं होतं, माल दिसला की खपतो म्हणून. तोडगा निघाला: दुकानात चव बघायला वेगळी छोटी वाटी ठेवायची.

ओलावाही धरतं. आता थंडीत कळत नाही, पण पावसाळ्यात गठ्ठे होतील. ओला चमचा घालू नका हे ठळक छापायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शंभर ग्रॅमचीच पाकिटं काढायची.

२८ डिसेंबर

लेबल पक्कं झालं. नाव "यीस्ट मेतकूट", दुसरं काही नाही. घटक उतरत्या क्रमाने. दर १० ग्रॅमला बी-१२ किती ते लिहायचंय, पण माझ्या गुणाकारावर नाही. घाण्यातला नमुना प्रयोगशाळेत दिलाय, आकडा आला की छापू. नाही आला मनासारखा, तर ती ओळ काढून टाकायची आणि चवीवर विकायचं. जैन आणि उपासाची सूचना मागे. गाउटची सूचनाही मागे, त्यावर वहिनी नाराज आहेत.

किंमत साध्या मेतकुटाच्या दुपटीच्या थोडी वर जातेय, सगळी यीस्टमुळे. १५ टक्क्यांवर आणलं तर जरा उतरेल, पण चव पडते, करून बघितलं. वीसच राहू दे. ज्याला परवडत नाही त्याने साधं मेतकूट घ्यावं आणि कपभर दूध प्यावं, मी फोनवर तेच सांगते.

कमी मिठाच्या जिरावणाला मात्र मागणी वाढलीय. काकांचा दुसरा डबा गेला. डॉक्टरांनी गोळी वाढवली का ते विचारलं नाही.

उद्या सियागंज: आमचूर ५ किलो, हिंग, उडीदडाळ. यीस्टची ऑर्डर रात्री टाकायची, तक्त्यात बी-१२ ची ओळ असलेल्या पाकिटाचीच.